आधी आरसी, मग इंजिन, शेवटी पलंग

छत्रपती संभाजीनगरात जुन्या गाड्यांच्या एजंटाला ‘डिझेल कॅम्पर बघायची आहे’ असे सांगितले, तर तो बहुतेक वेळा बोलेरो कॅम्पर दाखवायला नेतो. पुढे दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा. ठेकेदार, वायरमन, फळबागवाले यांची ही लाडकी गाडी आहे. आपल्याकडे ‘कॅम्पर’ या शब्दाचा अर्थ तोच झाला आहे. ज्याला पलंग, ओटा, पाण्याची टाकी असलेले चाकांवरचे घर हवे आहे, त्याला मग ‘व्हॅनिटी व्हॅनसारखी, पण कुटुंबासाठी’ असे समजावून सांगावे लागते.

बाजाराची खरी स्थिती या गोंधळातच दिसते. वापरलेल्या कॅम्पर व्हॅनचा असा वेगळा बाजार मराठवाड्यात जवळजवळ नाही. विकायला येतात त्या बहुतेक टूरवर पळून थकलेल्या टेम्पो ट्रॅव्हलर, थोड्या टाटा विंगर आणि क्वचित कुणी हौसेने आतून बदलून घेतलेली एखादी गाडी. घेणाऱ्याला वाटते आपण घर घेतो आहोत. प्रत्यक्षात तो जुने व्यावसायिक वाहन विकत घेत असतो. त्यामुळे पारखही जुन्या व्यावसायिक वाहनाचीच करावी लागते.

गाडीत राहण्याची कल्पना मात्र इथल्या माणसाला अजिबात परकी नाही. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी निघते, तेव्हा दिंड्यांबरोबरचे ट्रक महिनाभर घराचे काम करतात. ताडपत्रीखाली अंथरुणे, खाली भांडी, गॅस, शिधा, बाजूला पाण्याचा टँकर. तमाशाच्या फडाच्या गाड्यांत कलावंतांनी हंगामच्या हंगाम काढले आहेत. काशी-रामेश्वर करणाऱ्या यात्रा बसच्या टपावर आचाऱ्याची भांडी आजही चढतात. ही सारी व्यवस्था आपण सामुदायिकपणे वापरत आलो. एका कुटुंबाची, चार माणसांची गाडी हा तिचा नवा आणि महागडा अवतार आहे.

युरोपात हा अवतार १९५० च्या दशकातच रुजला. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया या कंपनीने पलंग-ओटा बसवायला सुरुवात केली आणि पुढे तशाच गाड्या घेऊन परदेशी तरुण इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत आले. आपल्या रस्त्यावरच्या ट्रॅव्हलरचे मूळही तिकडचेच आहे. नवलमल फिरोदियांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आणली, ती मर्सिडीजच्या ‘टी वन’ या व्हॅनवर बेतलेली होती. जर्मनीत १९७७ पासून निघालेली ही टी वन तिकडे कॅम्परसाठी सर्रास वापरली गेली. उंच छत, मधून सरळ चालता येईल अशी जागा, पुढे इंजिन, मागे ढकलणारी चाके: घर बसवायला लागतो तो सांगाडा या गाडीत जन्मापासून आहे. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडून ‘टेम्पो’ काही गेला नाही.

ही गाडी घ्यायची तर बघायची कुठून? बहुतेक जण मागचे दार उघडून पलंग आणि दिवे बघतात, आणि चूक तिथेच होते. पलंग सुताराकडून पंधरा दिवसांत होतो. आरसीवरची नोंद बदलायला महिने लागतात आणि काही वेळा ती बदलतच नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. बारा आसनांच्या गाडीतली आठ आसने काढून तिथे ओटा आणि संडास बसवला आणि आरसीवर मात्र आसने बाराच राहिली, तर ती गाडी रस्त्यावर बेकायदा ठरू शकते. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळातल्या कन्नूरमध्ये दोन यूट्यूबर भावांची अशीच प्रसिद्ध ट्रॅव्हलर नियमबाह्य बदलांच्या आणि थकलेल्या कराच्या कारणावरून परिवहन विभागाने ताब्यात घेतली. गाडी देखणी होती, लाखो लोकांनी ती पडद्यावर पाहिली होती. कागदापुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

रीतसर मार्ग आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यानुसार बांधलेल्या आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या गाडीची नोंद कॅराव्हॅन म्हणूनच होते. म्हणून जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न एकच: आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे? ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असेल तर गाडीला पाच-दहा टक्के जास्त मोजायला हरकत नाही. ‘मॅक्सी कॅब’ असेल, तर कायद्याच्या भाषेत ती चालक सोडून सहाहून जास्त आणि बारापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी गाडी आहे. तिला परमिट आहे, पिवळी पाटी आहे, दरवर्षीचा कर आहे, फिटनेस आहे. व्यावसायिक गाडीचे फिटनेस पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. पिवळी पाटी पांढरी करून घ्यायची तर परमिट परत करणे, थकबाकी भरणे, खासगी वाहनाच्या कराचा फरक भरणे हे सगळे आले. विकणारा ‘ते होऊन जातं हो’ म्हणाला, की ते त्यानेच करून द्यावे आणि मग व्यवहार करावा.

बोजा हा दुसरा प्रश्न. टूरच्या गाड्या बहुतेक कर्जावर घेतलेल्या असतात. कर्ज फिटले तरी आरसीवरचा फायनान्स कंपनीचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी कंपनीचे ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात. त्यातल्या काही चांगल्याही असतात, पण लिलावात कागदाची जबाबदारी घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते.

मालकी बदलताना विकणारा २९ नंबरचा आणि घेणारा ३० नंबरचा फॉर्म भरतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची. परराज्यात गाडी जाणार असेल, तर २८ नंबरच्या फॉर्मवरची एनओसी आधी लागते. आपल्याकडे मात्र कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन-तीन हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे राहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधल्या निकालात सांगितले आहे, की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. ज्याच्याकडून गाडी घेतो तो आणि आरसीवरचा माणूस एकच नसेल, तर तिथून उठावे. गाडी कितीही आवडली तरी उठावे.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांचेही इथे आकर्षण आहे. त्याचे कारण उघड आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली आणि तिथल्या चांगल्या गाड्याही मातीमोल झाल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने या कारवाईला काहीशी ढील दिली आहे. अशी गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम असू शकते. पण संभाजीनगरच्या एमएच-२० मध्ये नव्याने नोंद करायची तर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. त्याचा हिशेब केल्यावर ‘स्वस्त’ किती उरते, ते कागदावर मांडून बघावे.

ई-चलन, पीयूसी, विमा आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट या चार गोष्टी वाहन पोर्टलवर आणि चलनाच्या संकेतस्थळावर अर्ध्या तासात तपासून होतात.

आता इंजिन. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये डिझेलच्या तीन पिढ्या भेटतात. पहिली पिढी म्हणजे मर्सिडीजच्या परवान्यावर इथे बनणारे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे इंजिन, यांत्रिक पंपाचे. ताकद कमी, आवाज मोठा, पण सिल्लोड-कन्नडचा कोणताही जुना मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. दुसरी पिढी कॉमन रेलची. तिला स्वच्छ डिझेल लागते आणि इंजेक्टर गेले की खर्च मोठा. तिसरी एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, धुराची काजळी अडवणारा फिल्टर आणि अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण असलेली. हा फिल्टर लांब पल्ल्यावर गरम होऊन स्वतःला साफ करतो. कॅम्पर मात्र महिना-महिना दारात उभी असते आणि मधेच क्रांती चौकापर्यंत चक्कर मारून येते. असा वापर या फिल्टरला सोसत नाही.

हे सगळे धरून संभाजीनगरच्या खरेदीदारासाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०२० या काळातली बीएस-४ गाडी सगळ्यात समंजस ठरते. तिचे सुटे भाग मिळतात, फिल्टरची कटकट नसते, आणि खासगी नोंदणीची पंधरा वर्षे संपायला अवधी असतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, हेही लक्षात ठेवावे.

गाडी बघायला सकाळी लवकर जावे आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत सेल मारू नका. डिझेल इंजिनचे खरे दुखणे थंड असतानाच कळते. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे ना बघावे, मग चावी फिरवावी. सेल बराच वेळ ओढावा लागला, तर हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा पंप यांपैकी काहीतरी थकले आहे. सुरू होताना क्षणभर पांढरा धूर आला तर ठीक. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला, तर पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चढावर थोडा काळा धूर जुन्या गाडीत दिसतो, सपाटीवर दिसला तर नोजल दाखवावेत. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण सैल करून बघावे. तिथून भकाभका वाफ येत असेल, तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर पुढे बोलणेच नको.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. टूरची गाडी वर्षाला पन्नास-साठ हजार किलोमीटर सहज पळते. मीटरवर लाख दिसत असेल आणि क्लचचे पेडल, स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटची कड घासून गुळगुळीत झाली असेल, तर खरे काय ते त्या घासलेल्या कडेवरून ओळखावे. सर्व्हिसची बिले आणि जुनी फिटनेस प्रमाणपत्रे मागावीत.

चाचणीसाठी जालना रोडवर चक्कर मारून भागत नाही. गाडी कन्नडच्या औट्रम घाटात न्यावी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे अवजड वाहनांना बंदी आहे. ट्रॅव्हलरएवढ्या हलक्या गाडीला घाट खुला आहे. चढताना तापमानाचा काटा, क्लच घसरतो का, टर्बोची शिट्टी बदलते का; उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का, गिअर निसटतो का. हा घाट अर्ध्या तासात जे सांगतो, ते शहरात आठवडाभर फिरूनही कळत नाही. सोबत ओळखीचा मिस्त्री असावा आणि त्याची दिवसाची मजुरी आधी हातात द्यावी, म्हणजे त्याचा शब्द विकणाऱ्याच्या चहाला बांधला जात नाही.

चेसिस आणि पत्रा यांत मराठवाड्याची कोरडी हवा फायद्याची आहे. इथे आयुष्य काढलेली गाडी खालून सहसा बरी असते. कोकणातून आलेली असेल, तर दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि मॅटखालची जमीन टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावी. पुरात बुडालेल्या गाड्यांची भीती वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, त्यात असंख्य वाहने बुडाली. अशी गाडी धुऊन-पुसून परत बाजारात येते. तिचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या भागात वाळलेल्या गाळाची रेघ दिसली, की ती गाडी कुठे होती ते कळते. कॅम्परमध्ये फर्निचर आणि इन्सुलेशनच्या मागे हा गाळ आणि गंज दोन्ही लपतात, म्हणून एक तरी फळी उघडून दाखवायला सांगावे. विकणारा त्याला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

आता शेवटी आतले घर. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींमुळे या शहरात पत्रा, वेल्डिंग, वायरिंग जाणणारे कुशल हात भरपूर आहेत, आणि हे मोठेच बळ आहे. फक्त त्यांना वजनाचे भान द्यावे लागते. आरसीवर गाडीचे भरलेले एकूण वजन छापलेले असते आणि माणसे-पाणी-सामान धरून त्यातच बसायचे असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दीडशे अँपिअर-तासांची एक साधी ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. घरगुती प्लायवूडचे जाड कपाट, ग्रॅनाइटचा ओटा आणि टपावर जनरेटर चढवलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात; ती मागून झुकलेली दिसते. अशा गाडीची चाके आणि ब्रेक सतत ताणाखाली राहतात.

विजेचा हिशेबही कागदावर करावा. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच रिकामी करावी, म्हणजे हाती आले ०.९ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे एका बॅटरीवर तासभरही नाही. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तिथे ‘सोलरवर रात्रभर एसी चालतो’ असे कुणी सांगत असेल, तर किती बॅटऱ्या आणि किती पॅनल आहेत ते मोजून घ्यावे. छताला चांगले इन्सुलेशन, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि एक छताचा पंखा यांवर केलेला खर्च इथे जास्त कामी येतो.

आणि एका गोष्टीबाबत तडजोड नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. चालू जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपू नये. जुन्या गाडीच्या तळाला केबलसाठी पाडलेली भोके बुजवलेली आहेत का, ते खाली आडवे होऊन बघावे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच.

चालत्या गाडीत पलंगावर कुणी झोपू नये, हेही सांगायला हवे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ १७ आसनांच्या मिनीबसमधून ३५ जण चालले होते. ट्रकवर आदळून १२ जणांचा जीव गेला. आरसीवर जितकी आसने, तितकीच माणसे, प्रत्येकाला बेल्ट. कॅम्परच्या आडव्या बाकावर बेल्ट नसेल तर ते बसण्याचे आसन धरू नये.

गाडी घेतल्यावर जायचे कुठे, याबाबत हा जिल्हा श्रीमंत आहे. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ अर्ध्या दिवसाच्या अंतरात. गौताळ्याचे जंगल, पितळखोरा, नाथसागराचे पक्षी, पलीकडे लोणार. अजिंठ्याला मात्र खासगी गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते आणि पुढचे चार किलोमीटर एसटीने जावे लागते. पावसाळ्यात नाथसागराच्या काठी काळ्या मातीत गाडी उतरवली, तर ती काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरूम किंवा डांबर सोडू नये. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पार्क उभारायला सवलतीही जाहीर केल्या. पण वीज, पाणी, मैला सोडायची जागा असलेले पार्क जागोजागी दिसत नाहीत. आजही रात्रीचा मुक्काम ओळखीचा ढाबा, पेट्रोल पंप, मंदिराचे भक्तनिवास किंवा एमटीडीसीच्या आवारात परवानगी घेऊनच करावा लागतो. जागतिक वारसा यादीत १९८३ पासून दोन-दोन लेणी असलेल्या जिल्ह्यात निदान फर्दापूर आणि वेरूळ इथे तरी दहा-दहा गाड्यांची अशी सोय व्हायला हवी. ती मागणी इथल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे.

परवान्याची चिंता फारशी नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो व्यावसायिक गाडीलाही पुरतो असे स्पष्ट केले. विमा मात्र नीट बघावा. मालकी बदलल्यावर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि आतले बदल विमा कंपनीला लेखी कळवलेले नसतील तर दावा अडकतो.

ज्या कुटुंबाचे वर्षाला दहा-बारा दिवसच फिरणे होते, त्याने भाड्याची कॅराव्हॅन घ्यावी. उभ्या गाडीचा विमा, बॅटरी आणि टायर त्याहून महाग पडतात. निवृत्त जोडपे, नर्मदा परिक्रमेला किंवा महिनाभराच्या तीर्थयात्रेला निघणारे, पक्षी-किल्ले यांच्यामागे हिंडणारे यांच्यासाठी मात्र स्वतःची गाडी सार्थकी लागते. अशांनी आरसीवर कॅराव्हॅनची नोंद नसलेल्या, आतून सजवलेल्या गाडीला इसार देऊ नये. त्यापेक्षा स्वच्छ कागदाची, न बदललेली २०१८-१९ ची ट्रॅव्हलर घ्यावी, आरटीओत जाऊन बदलाची परवानगी कशी मिळते ते आधी लेखी विचारावे, आणि सुताराला त्यानंतरच बोलवावे.